औलूत बर्फात सायकल: खिळ्यांचे टायर घेऊ की सरळ बसचा पास काढू?

मधुरा_नाशिक:
नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑगस्टमध्ये फिनलंडला, औलूत आलो. आल्या आल्या दोन जुन्या सायकली घेतल्या, एक माझी, एक लेकाची (दुसरीत आहे). आता ऑक्टोबर संपत आलाय, सकाळी सीटवर दव गोठलेलं असतं. शेजारच्या आजी म्हणतात, त्या जानेवारीतही बाजाराला सायकलनेच जातात. मला वाटलं थट्टा करतायत. आमच्या नाशकात पारा दहाच्या खाली गेला की शेकोट्या पेटतात हो! उणे वीसला माणूस सायकलवर टिकतो कसा? खिळ्यांचे टायर दोन्ही चाकांना लागतात का? बरेच महाग दिसले. आणि लेकाला शाळेत सायकलने पाठवू का?

उत्तरेचा_वारकरी:
मधुराताई, आजी खरं बोलतायत. बरीच वर्षं इथे आहे, माझं ऑफिस बारा महिने सायकलनेच.

उणे वीसला घाबरू नका, शून्याला घाबरा. उणे दहा-पंधराला बर्फ कोरडा असतो, दाबला की घट्ट बसतो, चाकाखाली करकरतो, साधा टायरसुद्धा बऱ्यापैकी धरतो. गोची होते ती पारा शून्याच्या वर-खाली करतो तेव्हा. दुपारी वितळलेलं रात्री गोठतं आणि सकाळी त्याच्यावर पुन्हा पाण्याचा पातळ थर. नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे खरे वैरी, जानेवारी नव्हे.

म्हणूनच इथल्या मुख्य सायकलमार्गांवर मीठ मारत नाहीत. मिठाने नुसता राडा होतो, आणि कडाक्याच्या थंडीत ते काम करेनासं होतं. यंत्र फिरवून वरचा भुसभुशीत बर्फ काढतात, खालचा दाबलेला थर तसाच ठेवून त्यावर खाचा पाडतात, घसरड्या जागी बारीक खडी. महत्त्वाचे मार्ग सकाळी सातच्या आत साफ. शहरात नऊशे किलोमीटरच्या वर सायकलमार्ग आहेत आणि मोठे रस्ते ओलांडायला भुयारी मार्ग. त्यांच्या उतारावर मात्र सांभाळा. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

टायर: एकाचेच पैसे असतील तर पुढच्या चाकाला. मागचं घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं गेलं की सावरायला वेळच मिळत नाही. खिळे टंगस्टन कार्बाइडचे बघा, साध्या पोलादाचे डांबरावर लवकर झिजतात. नवे टायर आधी चाळीसेक किलोमीटर कोरड्या डांबरावर चालवायचे, करकचून ब्रेक न मारता, म्हणजे खिळे नीट बसतात. तेव्हा आत्ताच घ्या. पहिला बर्फ पडला की दुकानात अख्खं गाव उभं असतं.

कपड्यांत सगळे एकच चूक करतात, फार घालतात. घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दोन किलोमीटरवर घाम येतो आणि सिग्नलला थांबलात की तोच गार पडतो. अंगाला लागून लोकरी, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. बोटांसाठी हँडलवरच बसवायचे मोठे हातमोजे मिळतात. दिसायला बावळट, पण मी त्यांच्याशिवाय निघत नाही.

दिवे: डिसेंबरात साडेदहाच्या सुमाराला उजाडतं आणि दोनला मावळतं. मागचा लाल दिवा जून २०२० पासून कायद्यानेच लागतो. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून सायकल लावली की दिवे काढून खिशात.

म्युनिकचा_बंड्या:
वारकरीबुवा नशीबवान आहात. आमच्याकडे मिठाचं पाणी सगळ्या सायकलीवर उडतं, चेन आठवड्यात तांबूस होते. घरी आल्यावर पुसून तेल द्यायचं, दुसरा इलाज नाही. जर्मनीत गाड्यांना खिळ्यांचे टायर चालत नाहीत, सायकलला चालतात, एवढीच चैन.

मधुराताई, सायकल बाहेर ठेवणार असाल तर बाहेरच राहू द्या. उबदार घरात आणली की बर्फ वितळून पाणी आत शिरतं आणि बाहेर नेल्यावर गोठतं. फ्रीव्हीलमधले कुत्रे (मागचं चाक पकडणारे छोटे खटके) चिकटले की पायडल नुसतंच फिरतं, सायकल जागच्या जागी. जुनं ग्रीस घट्ट झालं तरी हेच होतं. मेकॅनिकला पातळ ग्रीस भरायला सांगा.

सिंहगडरोड:
हौसेला मोल नाही! बस असताना हा उपद्व्याप कशाला? अंथरुणाला खिळलात तर इथून कोणी डबा द्यायला येणार नाही.

उत्तरेचा_वारकरी:
सिंहगडराव, तुमच्या रस्त्यावर संध्याकाळी सहाला सायकल चालवण्यापेक्षा हे सोपं आहे, खरंच. इथे गाड्या वेगळ्या, आपण वेगळे.

ताई, लेकाचं म्हणाल तर औलूतल्याच मेत्सोकांगास भागातल्या शाळेबाहेर भर थंडीत एकदा जाऊन बघा. बर्फात सायकलींच्या रांगाच रांगा. त्याची सीट थोडी खाली करा, दोन्ही पाय जमिनीला पुरले पाहिजेत. सुरुवातीला सोबत जा, तो घसरतो कुठे ते बघा. पोरं चटकन शिकतात, आपणच आखडतो. एप्रिलमध्ये बर्फ गेला की खाली राहिलेली खडी टोकदार असते, झाडून नेईपर्यंत पंक्चर होतात. जवळ ट्यूब ठेवा.

मधुरा_नाशिक:
दोघांचेही आभार! बस पासचा विषय संपला. माझ्या टायरवर ४७-६२२ लिहिलंय, दुकानात ४२-६२२ चा खिळ्यांचा आहे. चालेल?

उत्तरेचा_वारकरी:
६२२ जुळायलाच हवा, ते रिमचं माप. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, ४७ च्या जागी ४२ चालेल, उलट मडगार्डखाली जागा जास्त राहील, बर्फ कमी अडकेल. बाजूला बाण असेल, फिरण्याची दिशा बघून चढवा.