सुधीर नाईक यांच्याविषयीच्या टिपणात कशाला किती जागा द्यावी?

प्रश्न

आमच्या क्लबच्या स्मरणिकेसाठी मी सुधीर नाईक (१९४५–२०२३) यांच्यावर एक टिपण तयार करीत आहे. उपलब्ध मजकुरात त्यांची ओळख बहुतेक वेळा तीन कसोटी आणि दोन एकदिवसीय सामने खेळलेले सलामीवीर एवढ्यावरच संपते. ते मुंबईचे कर्णधार होते, मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्ष होते, त्यांनी मुले घडवली आणि पुढे वानखेडेची खेळपट्टीही सांभाळली. मर्यादित जागेत यातील कशावर भर द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

माझ्या मते सुरुवात १९७०–७१ च्या रणजी मोसमापासून करावी. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावस्कर, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड हे सारे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर असताना अंतिम सामन्यात मुंबईची धुरा नाईक यांच्याकडे होती. तोपर्यंत मुंबईने सलग बारा वर्षे करंडक राखला होता, त्यामुळे हरलो तर ती परंपरा आपल्याच हातून तुटली असे कायमचे नावावर लागणार, हे त्यांना पुरते ठाऊक असणार. मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले आणि सलग तेराव्यांदा करंडक जिंकला. पुढचा मोसम सुरू झाला तेव्हा दौऱ्यावरचे खेळाडू परतले होते आणि विजेत्या कर्णधाराला अंतिम अकरातच जागा उरली नव्हती. त्या काळच्या मुंबईत कर्णधारपद मिळवण्याइतकेच संघातले स्थान टिकवणे कठीण होते, हे यावरून जितके कळते तितके कोणत्याही सरासरीवरून कळणार नाही.

कसोटीबद्दल दोन वाक्ये पुरेत. १९७४ साली इंग्लंडमध्ये एजबॅस्टनला पदार्पणाच्या कसोटीत, भारत डावाने हरत असताना, दुसऱ्या डावात त्यांनी ७७ धावा केल्या आणि त्याच वर्षाअखेरीस ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज अँडी रॉबर्ट्सने त्यांना सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद केले. सलामीवीराचे नशीब एका वर्षात इतके फिरू शकते.

दुसरे उत्तर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु माझ्या दृष्टीने या टिपणाचा गाभा क्रॉस मैदानावरचा नॅशनल क्रिकेट क्लब हाच असावा. श्रीरामपूरहून मुंबईत आलेला, अभियांत्रिकीचा विचार बाजूला ठेवलेला जहीर खान नाईक यांच्याच देखरेखीखाली या क्लबकडून खेळू लागला. मैदानी क्रिकेटमध्ये प्रशिक्षकाचे काम नेटमध्ये मनगट कसे ठेवायचे हे सांगण्यापुरते नसते. बाहेरगावच्या मुलाची या शहरात सोय काय, त्याला सामने कुठे मिळतील, मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या, खालीवर उसळणाऱ्या खेळपट्टीवर तो कसा तयार होईल, हे सगळे बघणारा कोणीतरी असावा लागतो. नाईक यांनी ते केले, आणि त्या काळी त्याचा कोणी हिशेब ठेवत नव्हते. जहीर पुढे वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला, बडोद्याकडून रणजी खेळला आणि ९२ कसोटींत ३११ बळींपर्यंत पोहोचला.

तिसरे उत्तर

यालाच जोडून २ एप्रिल २०११ चा श्रीलंकेविरुद्धचा विश्वचषकाचा अंतिम सामना घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वानखेडेची ती खेळपट्टी नाईक यांनी तयार केलेली होती, आणि नवा चेंडू होता जहीरच्या हातात. त्याची पहिली तीन षटके निर्धाव गेली, उपुल थरंगा स्लिपमध्ये सेहवागच्या हाती झेल देऊन परतला आणि पाच षटकांच्या त्या हप्त्यात जहीरने अवघ्या ६ धावा दिल्या. पुढे त्याच खेळपट्टीवर महेला जयवर्धनेने शतक केले, गंभीर आणि धोनी यांनी नव्वदी गाठली आणि भारताने २७५ धावांचे लक्ष्य दहा चेंडू राखून पार केले. सुरुवातीला गोलंदाजाला साथ देणारी आणि दिवसभर फलंदाजाला चेंडूवर विश्वास ठेवू देणारी खेळपट्टी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी तयार करणे हे मोठ्या कसबाचे काम आहे. नाईक यांनी या कामाचे मानधनही घेतले नाही, हे टिपणात अवश्य यावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. एक शंका उरते. क्युरेटरचे, म्हणजे खेळपट्टी सांभाळण्याचे, काम प्रशासनात धरावे की ते वेगळे दाखवावे?

पहिल्या उत्तरकर्त्याचा प्रतिसाद

प्रशासनातच धरावे, असे मला ठामपणे वाटते. ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने वानखेडेवर ४ बाद ४३८ धावा केल्या आणि भारत २१४ धावांनी हरला. त्यानंतर संघ संचालक रवी शास्त्री यांनी खेळपट्टीवरून नाईक यांच्याकडे तीव्र नाराजी व्यक्त केली आणि नाईक यांनी मुंबई क्रिकेट संघटनेकडे लेखी तक्रार दिली. यजमान संघाला हवी ती खेळपट्टी द्यायची की मैदानाच्या मातीचा स्वभाव राखायचा, हा प्रश्न धोरणाचा आहे, आणि त्याचा जाब सत्तरीतल्या त्या माजी कर्णधाराला द्यावा लागला. निवड समितीच्या अध्यक्षपदाशेजारीच हा प्रसंग ठेवावा, कारण दोन्ही ठिकाणी नाराजी पदरी घेऊनच निर्णय करावे लागतात.