चकित करणारं डिझाइन म्हणजे चांगलं डिझाइन का?

धागा:
'भन्नाट डिझाइन' म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतल्या निम्म्या वस्तू प्रत्यक्ष वापरायला घेतल्या तर माणूस वैतागेल, असं माझं ठाम मत आहे. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कचं १९९० चं 'ज्युसी सॅलिफ' घ्या. तीन लांब पायांवर उभं, कोळ्यासारखं, लिंबू पिळायचं साधन. दिसतं देखणं, पण गाळणीच नाही, त्यामुळे बिया रसाबरोबर थेट पेल्यात. पुढे सोन्याचा मुलामा दिलेलं निघालं, त्यावर तर लिंबू पिळायचंच नाही, आम्लाने मुलामा जातो! मग ते कशासाठी?

उलट बॉलपेनचं टोपण बघा. 'बिक' या पेन बनवणाऱ्या कंपनीने १९९१ पासून त्याला भोक ठेवलं, ते मुलाच्या घशात अडकलंच तर श्वास पूर्ण कोंडू नये म्हणून. ही खरी हुशारी, आणि ती कुणाच्या नजरेतही भरत नाही.

प्रतिसाद १:
असहमत. पॅरिसचं पॉम्पिदू सेंटर (१९७७) हे कलाकेंद्र आठवा. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुकारांनी पाइप, जिने सगळं बाहेर काढलं. हवेचे पाइप निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे, माणसांच्या ये-जा करायच्या वाटा लाल. लोकांनी नाकं मुरडली. पण त्यामुळेच आतले मजले मोकळे मिळाले, हवी तशी प्रदर्शनं मांडायला. सरळमार्गी विचार करणाऱ्याला हे सुचलं नसतं.

धागाकर्ती:
पॉम्पिदू मान्य, पण ते माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! तिथला धक्का कामातून आलाय. लंडनची २०, फेनचर्च स्ट्रीट ही इमारत बघा. काचेचा दर्शनी भाग आत वळवलेला, २०१३ मध्ये त्यावरून एकवटलेल्या उन्हाने रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळले. पुढे ऊन अडवायला पट्ट्या बसवाव्या लागल्या. त्याच वास्तुकाराच्या लास वेगासमधल्या हॉटेलात अशीच तक्रार आधी येऊन गेली होती. याचा मला खरंच राग येतो.

प्रतिसाद २:
कलेला हीच फूटपट्टी लावणार का? चित्रकार होल्बाइनच्या १५३३ च्या 'द अँबॅसडर्स' या चित्रामध्ये दोन रुबाबदार माणसं, आणि पायाशी एक तिरका, फराटल्यासारखा डाग. चित्राच्या बाजूला सरकून तिरकं पाहिलं की त्याची कवटी होते. एका पावलात ऐश्वर्याचं चित्र मृत्यूचं होतं. इथे चकित होणं हाच उपयोग आहे.

धागाकर्ती:
चित्राला सूट, मनापासून. चित्र बघायचं की नाही हे आपल्या हातात असतं. दार मात्र उघडावंच लागतं. एका दवाखान्यात काचेच्या दाराला दोन्ही बाजूंनी सारखेच चकचकीत उभे दांडे होते. आई एका हातात काठी धरून दांडा ओढत राहिली. दार ढकलायचं होतं. तिला वाटलं, आपल्याच अंगात जोर उरला नाही. डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये अशा दारांवर सविस्तर लिहिलं, त्यावरून अशा दारांना 'नॉर्मन दारं'च म्हणतात. तरी ती बनतातच.

प्रतिसाद १:
आईंचं वाचून वाईट वाटलं. पण त्या दारात चमत्कृती कुठे आहे? कुणीतरी विचार न करता दोन्हीकडे एकच दांडा ठोकलाय. दोष चकित करण्याच्या हौसेचा नाही, आळसाचा आहे. ढकलायच्या बाजूला नुसती सपाट पट्टी लावली असती, तर धरायला काही नसल्यामुळे हात आपोआप ढकलायलाच गेला असता.