मदत हवी आहे : ३४ व्या वर्षी पक्षाघाताचा धोका कसा ठरवतात?

माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३४, कोल्हापूर) अर्धशिशीचा त्रास असून डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी, लखलखत्या रेषा दिसतात. शिवाय गरोदरपणात तिला प्रीएक्लॅम्पसिया (त्या काळात रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याचा विकार) झाला होता. रक्तदाब सध्या १३६/८८ असतो, साखर व कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, तंबाखू-मिश्रीची सवय नाही आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत. धोका मोजण्याचे २०१३ चे अमेरिकी सूत्र चाळिशीपासून पुढेच लागू होते; २०२३ चे 'प्रिव्हेंट' हे नवे अमेरिकी सूत्र तिशीपासून चालते, पण त्यात अर्धशिशी आणि प्रीएक्लॅम्पसिया धरलेलेच नाहीत, आणि माझ्या मते तिच्या बाबतीत हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. वारंवार पुण्याला जाणे जमणार नाही. हे दोन्ही घटक धरून धोका ठरवण्याची एखादी मान्य पद्धत आहे का, आणि त्यासाठी कोल्हापुरातच आधी फिजिशियनना दाखवावे की थेट न्यूरॉलॉजिस्टना?