शब्दचर्चा : बाणाच्या 'स्पाइन'ला कणा म्हणायचं का?

प्रश्न (सांगली) :
नमस्कार मंडळी. आमच्या इथं मुलांचा कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याचा वर्ग चालतो, त्यांच्या पालकांसाठी चार पानी मराठी पत्रक करतोय. शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमधे वर्ल्ड चॅम्पियन झाल्यापासनं गावागावातनं चौकशी येते, आता २०२८ च्या ऑलिंपिकमधे कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आलीय, त्यामुळं पत्रक इंग्रजीत काढून उपयोग नाही. तीन शब्दांवर गाडी अडलीय. स्पाइनला 'कणा' लिहिलंय, ट्यूनिंगला, म्हणजे बाण सरळ जावा म्हणून धनुष्य बारीक जुळवून घेण्याला, 'धनुष्य लावणे' आणि मॅच केलेल्या बाणांना 'जुळे बाण'. चालेल का?

उत्तर (सातारा) :
दादा, कणा तेवढा काढून टाका, हात जोडून सांगतो. कणा म्हटलं की ताठपणा डोळ्यापुढं येतो आणि स्पाइनचा आकडा मोजतो बरोब्बर उलटं, बाण किती लवतो ते. शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध १.९४ पौंडाचं वजन टांगायचं, अर्धा इंच खाली लवला तर स्पाइन ५००, ०.४ इंच लवला तर ४००. म्हणजे आकडा मोठा तसा बाण नरम. आता पत्रकात 'कणा ५००' वाचून एखादा बाप दुकानात जाणार, ५०० म्हणजे जास्त मजबूत असं धरून तेच घेणार आणि ३५० चे परत ठेवणार. पैसे गेले ते गेले, वर पोराचे बाण सगळीकडं पसरणार आणि पोरगं म्हणणार मलाच जमत नाही.

आमच्या मैदानावर पोरं सरळ कडक-नरम म्हणतात, तेच लिहा. आकड्यापुरता स्पाइन ठेवा, शाफ्टवरच्या छापील नंबराशी तोच शब्द जोडलेला आहे. आणि 'वाकतो' नको, 'लवतो' लिहा. बाण वाकला म्हटलं की तो बाद झाला असंच कुणालाही वाटणार, लवलेला परत सरळ होतो.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाण नरम 'आहे' आणि बाण नरम 'पडतो' हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि मराठीत ते नुसत्या क्रियापदानं कळतं. टेकूवर मोजलं ते 'आहे'. पण दोरी मागनं ढकलते, पुढचं जड टोक लगेच हलायला तयार नसतं, त्या दोघांच्या मधे शाफ्ट दाबला जाऊन लवतो, तिथं जे होतं ते 'पडतो'. तोच ५०० चा बाण, पाउंडेज (धनुष्य ओढायला लागणारा जोर) वाढवलं की नरम पडतो, टोकाला जास्त वजन लावलं की नरम पडतो, लांब ठेवला तरी नरम पडतो, आणि कापून आखूड केला की कडक पडतो. पोरगं वर्षभरात उंच होतं, ओढ लांबते, पाउंडेज वाढतं, गेल्या वर्षी जुळलेले बाण यंदा नरम पडायला लागतात. पालकांना एवढं एक वाक्य कळलं तरी पत्रकाचं काम झालं.

'जुळे' पण नको, जुळे म्हणजे दोनच. 'एकसारखे बाण' म्हणा, आणि कशात एकसारखे तेही लिहा : स्पाइन, लांबी, काट्यावरचं वजन, पिसं बसवलेली जागा, नॉक (बाणाच्या शेपटाची खाच) दोरीवर किती घट्ट बसतो ते. 'धनुष्य लावणे' मात्र मला खटकतं, दोरीला बाण लावणं आधीच आहे, नवशिक्याचा गोंधळ होईल. मैदानावर सेटिंग म्हणतात.

उत्तर (मिरज) :
मी लावणेच्या बाजूनं. आमच्याकडं तंबोरा लावतात, आणि लावणं म्हणजे नुसती खुंटी पिळणं नाही, खुंटीनं सूर जवळ आणायचा, मग मणी सरकवून बारीक फरक काढायचा. कंपाउंडचंही आधी ठोकळ मग बारीक असंच असेल ना? शिवाय 'बाण लावला' आणि 'धनुष्य लावलं' यात काय लावलं ते वाक्यातच आहे, गोंधळ कशाला होईल? सेटिंग तर मोबाईललाही असतं.

उत्तर (सातारा) :
ताई, पटलं. क्रम तसाच आहे. आधी दोन्ही कॅम (टोकांची चाकं) बघायचे, पूर्ण ओढल्यावर दोन्हीकडचे स्टॉप (ओढ थांबवणारे अडसर) एकाच वेळी टेकले पाहिजेत, मग रेस्ट (बाण टेकवायचा आधार) आणि दोरीवरची नॉकची जागा, आणि मग कागद. चौकटीत कागद ताणून बसवायचा, मागं बाण अडवायला मॅट, आणि सहा-आठ फुटांवरनं बाण सोडायचा. बाण सरळ गेला तर एक गोल भोक आणि त्याच्याभोवती पिसांच्या तीन चिरा, बास. टोकाचं भोक खाली आणि पिसांच्या चिरा वर, मधे कागद फाटलेला असेल तर शेपूट वर धरून गेला, नॉकची जागा किंचित खाली घ्यायची आणि परत मारून बघायचं. फाट आडवी असेल तर रेस्ट अगदी थोडा सरकवायचा, तरी फाट तशीच राहिली तर बाण नरम किंवा कडक पडतोय का बघायचं. एका वेळी एकच गोष्ट हलवा हे ठळक छापा. दोन हलवल्या की कशानं फरक पडला कळत नाही.

'सरळ बाण' लिहितानाही जपून. शाफ्ट सरळ असणं वेगळं, डब्यावर त्याचा आकडा असतो, ०.००३ इंच, ०.००१ इंच असा. बाण सरळ जाणं वेगळं. ०.००१ चा महाग शाफ्टही नरम पडला तर शेपटी हलवत जातो. पहिल्याला सरळ बाण म्हणा, दुसऱ्याला 'बाण सरळ जातो'. आणि शेपटी आडवी हलते का वरखाली हे नेहमी लिहा, दोन्हीची दुरुस्ती वेगळी आहे.

प्रश्न (सांगली) :
खूप आभार, कणा खोडला, लावणे ठेवलं. शेवटचं, टोकाचं वजन ग्रेनमधे असतं, तिथं 'गुंज' लिहू का? आजोबा सोनं गुंजेत मोजायचे, ओळखीचा शब्द आहे.

उत्तर (सातारा) :
नको दादा. गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची, ग्रेन ०.०६५ ग्रॅमचा, म्हणजे गुंज जवळजवळ दुप्पट भरते. १०० ग्रेनचं टोक कुणी १०० गुंजांचं समजलं तर बाण भलताच नरम पडेल. ग्रेनच ठेवा, आणि कंसात ग्रॅम द्या, १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमला थोडं कमी. सोनाराच्या काट्यावर तपासून घेता येतं, आम्ही तसंच करतो.