पावसात घरात अडकलेलं पोर आणि आपली 'ॲक्टिव्हिटी'ची हौस

पाथर्डीफाटा_आई

मुलगी साडेतीन वर्षांची. आठ दिवस झाले, पाऊस उघडायचं नाव नाही. धरणातून पाणी सोडलंय, रामकुंडाकडे जायची सोय नाही आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसता चिखल. म्हणजे दिवसभर ती, मी आणि दोन खोल्या.

गेल्या पावसाळ्यात मी फ्रिजवर तक्ता लावला होता. सोमवारी रंगीत तांदूळ, मंगळवारी भेंडीचे ठसे, बुधवारी कापूस चिकटवून मेंढी, असं शनिवारपर्यंत. तांदूळ रंगवून वाळवायला मला पाऊण तास लागला. ती खेळली सात मिनिटं, मी अर्धा तास झाडत होते आणि दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखालून हिरवे तांदूळ निघाले. मेंढी तर मीच केली. फोटो मीच काढला, ग्रुपवर कौतुकही माझंच झालं. पोरगी तोवर गोंदाच्या डबीचं झाकण लावत-काढत बसली होती. तिला खरा खेळ तो सापडला होता.

यंदा तक्ता नाही. कोथिंबिरीची जुडी निवडायला देते, लसूण सोलायला देते. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावते, डब्यांना झाकणं जुळवते, कणकेचा गोळा मळते. उरलेला वेळ सरळ कंटाळू देते. परवा अशीच कंटाळली आणि तिने गाद्या, उशा, चादर ओढून पलंगाशेजारी खड्डा केला. म्हणे, "ही रहाड!" रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा मोठा हौद, लोक त्यात उड्या मारतात. रंगपंचमीला जुन्या नाशकात बाबाच्या खांद्यावरून पाहिली होती, ते डोक्यात राहिलेलं. मग दुपारभर "धप्पा!" म्हणून त्यात उड्या.

तर माझं मत असं की या वयाच्या पोरांसाठी घरात काही आखायची गरज नसते. घरकामात घ्या आणि थोडं कंटाळू द्या. बाकीची आपली हौस. पटत नसेल तर सांगा.

सातपूर_शिफ्टवाला

नाही पटत. ताई, राग मानू नका, पण हे दिवसा जागं असणाऱ्या माणसाचं मत आहे.

माझी रात्रपाळी सुटली की मी सकाळी आठला घरी येतो. साडेनऊला बायको कामाला निघते. मग चार वर्षांचा पोरगा आणि झोपेने मेलेला मी. तुमच्याकडे कंटाळ्यातून रहाड निघते, माझ्याकडे कंटाळ्यातून मोबाइल निघतो. तो मागतो, मी देतो, अकरापर्यंत दोघंही गपगार. असे सहा महिने काढलेत भो, म्हणून बोलतोय.

आता रात्री कामावर जायच्या आधी मी पंधरा मिनिटं खर्च करतो. फरशीवर कागदी चिकटपट्टीने रस्ता काढून ठेवतो, वळणं, सिग्नल, पूल सगळं. सकाळी गाड्या दिल्या की चाळीस मिनिटं निघतात. मेहुण्याची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, हंगाम संपला की त्याच्याकडची रिकामी खोकी आणतो. पंधरा-वीस खोकी म्हणजे भिंत, बस, दुकान, काहीही. मोज्यांचे गोळे करून लांबून बादलीत टाकायचे, दर वेळी एक फरशी मागे सरकायचं. हे सगळं मी ठरवून ठेवतो म्हणून होतं. आयत्या वेळी त्याला कंटाळा आला आणि माझ्या डोळ्यांवर झोप असली की मला काय सुचणार?

आणि लसूण सोलायला लागतो तो वेगळाच. मी दोन पाकळ्या सोलेपर्यंत तो साल आणि पाकळी एकत्र करून मोकळा.

गोदाकाठची_आजी

आमच्या वाड्यात कुणी काही आखलं नव्हतं. पावसात ओसरीवर सागरगोटे, चिंचोके, काचापाणी, भातुकली. सागरगोटे नसले तर खडे. आया स्वयंपाकघरात, आम्ही बाहेर. कुणाला काही झालं नाही. तुम्ही हल्लीची माणसं पोराला जन्म देऊन त्याचं प्रगतिपुस्तक लिहायला बसता.

सातपूर_शिफ्टवाला

आजी, वाड्यात किती पोरं होती?

गोदाकाठची_आजी

अकरा. आणि शेजारच्या वाड्यातली यायची ती वेगळी.

सातपूर_शिफ्टवाला

मग तीच तुमची ॲक्टिव्हिटी होती. मोठी पोरं लहानांना सांभाळायची, शिकवायची, लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायची. माझ्याकडे एकच पोरगा आहे. काचापाणी तो कुणाशी खेळणार, माझ्याशी? मी घोरतोय.

गोदाकाठची_आजी

हे मात्र खरं बोललास.

बालवाडीताई

सतरा वर्षं बालवाडी घेतेय, म्हणून जरा लांब लिहिते.

धागाकर्त्या ताई, कोथिंबीर, झाकणं, मोजे हे फार चांगलं आहे. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह काढलं. तिथेही मुलं पाणी ओतायची, बटणं लावायची, टेबल पुसायची. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा महागडं साहित्य कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, जे हाताशी असेल ते घेतलं. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी आली. त्यामुळे घरातल्या वस्तूंनी खेळण्यात काही कमीपणा नाही.

पण 'आखायची गरज नाही' हे यातून निघत नाही. मॉन्टेसरीच्या वर्गात बाई कमी बोलते, कारण तिने आधी मांडून ठेवलेलं असतं. कुठला तांब्या मुलाला उचलेल, पाणी किती घालायचं, सांडलं तर फडकं कुठे असेल, हे सगळं तिने ठरवलेलं असतं. तुम्हीही जुडी देताना ती धुऊन, निथळून, ताटात घेऊन देत असाल. झाकणाचे डबे काचेचे देत नसाल. आखणी तुम्ही करताच आहात, फक्त तिचा तक्ता फ्रिजवर नाही.

आता तुमच्या यादीतली उणीव सांगते. रहाड सोडली तर सगळी कामं बसून करायची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी शिफारशी दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान ३ तास हालचाल व्हावी आणि त्यातला किमान १ तास दम लागेल अशी. बसून पडदा बघणं १ तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तमच. पावसाळ्यात दोन खोल्यांत हे तीन तास आपोआप भरत नाहीत. लसूण सोलून तर नाहीच.

म्हणून मी पालकांना 'तळ्यात-मळ्यात' सांगते. फरशीवर एक रेघ पुरते. मजा उड्यांत आहेच, पण खरी गंमत थांबण्यात आहे. 'तळ्यात, मळ्यात, तळ्यात' अशी लय लागली की मूल कान बंद करून उडी मारतं. मग मध्येच दोनदा 'तळ्यात' म्हणायचं. निघालेली उडी आवरायची, हे साडेतीन वर्षांच्या मुलाला फार अवघड असतं. चारच्या पुढे हळूहळू जमायला लागतं. रांगेत थांबणं, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणं, या सगळ्याची तालीम त्यात होते. आमच्या वर्गात एक मुलगा पहिले दोन महिने रोज पहिल्या फेरीत बाद व्हायचा आणि चिडून कोपऱ्यात बसायचा. मग त्यालाच 'तळ्यात-मळ्यात' पुकारायला दिलं. दुसऱ्यांना फसवता फसवता तो स्वतः थांबायला शिकला.

घरात एकच मूल असलं तरी हा खेळ होतो. दुसरा गडी तुम्ही. आणि मुद्दाम चुकायचं बरं का! आई बाद झाल्याचा आनंद वेगळाच असतो.

शंकासुर

हे सगळं ठीक आहे, पण अक्षरं-आकडे कधी? आमच्या भाच्याला साडेतीनला शंभरपर्यंत येतं.

बालवाडीताई

येतं म्हणजे म्हणून दाखवतो, का? त्याला म्हणा, पाच माणसं जेवायला आहेत, ताटं मांड. मग कळेल.

शंकासुर

विचारलं. सात मांडली. पण दोन पाहुण्यांसाठी मांडली असं म्हणाला.

दाणा_नाकात

नावावरून कळलंच असेल. गेल्या वर्षी मीही रंगीत डब्यांत राजमा, चवळी, हरभरे वेगळे करायला दिले होते. मुलगा तीन वर्षांचा. मी ओटा पुसायला वळले. पाच मिनिटांनी मुलगा शांत. एवढा शांत तो कधीच नसतो. नाकपुडीत चवळी. बोटाने काढायला गेले तर आणखी आत गेली. शेवटी रात्री कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धावपळ. त्यांनी एका मिनिटात काढली, मला मात्र पाऊण तास ऐकवलं. त्यांचं बरोबरच होतं, ओल्या नाकात कडधान्य फुगतं.

म्हणून माझा पक्ष दोघांच्याही विरुद्ध आहे. आखा किंवा आखू नका, पण 'घरातलंच आहे, काय होतंय' ही वृत्ती नको. काही गोष्टी मला नंतर कळल्या, त्या सांगते. शेंगदाणे, फुटाणे या वयाला अख्खे देऊच नयेत. नाशिककरांनी कान देऊन ऐका, अख्खं द्राक्षही देऊ नये. गोल, गुळगुळीत, घशात बरोबर बसतं. उभे चार भाग करून द्यावं. फुगा खाली पडू न देण्याचा खेळ झकास आहे, पण फुटला की तुकडे त्याच क्षणी उचलायचे, कारण तोंडात घातलेला रबराचा तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. बाथरूममध्ये पाण्याशी खेळू द्या, पण दारात तुम्ही उभे हवेत आणि नंतर बादली उपडी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवे लागणाऱ्या खेळण्यांतले ते चपटे गोल सेल. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही भाजतो. झाकणाला स्क्रू नसलेलं खेळणं मी घरात ठेवत नाही.

कंटाळू द्या म्हणता, पण कंटाळलेलं मूल काय करतं हे मी नाकात पाहिलंय.

गोदाकाठची_आजी

चवळी आमच्याकडेही गेली होती हो एकाच्या नाकात. मघाशी सांगायचं राहिलं.

सातपूर_शिफ्टवाला

"कुणाला काही झालं नाही" म्हणाला होतात आजी 😄

पाथर्डीफाटा_आई

सगळं वाचलं. थोडी चिडले, थोडं पटलं.

शिफ्टवाले भाऊ, मी घरून काम करते. म्हणजे दुपारी मीटिंगमध्ये असते आणि ती टेबलाखाली असते. त्यामुळे दिवसा जागी असले तरी मोकळी नसते. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, मोठं माणूस थकलेलं असेल तर कंटाळा फळाला येत नाही. माझं वाक्य फार ठाम झालं. चिकटपट्टीचा रस्ता काल केला. तिने त्यावर गाड्या फिरवल्याच नाहीत. बाहुल्या ओळीने बसवल्या आणि म्हणाली, "हा घाट आहे, सगळे आंघोळीला आलेत." चाळीस नाही, पण पंचवीस मिनिटं नक्की मिळाली.

बालवाडीताई, बसून करायच्या कामांचा मुद्दा लागला. खरंच लक्षात आलं नव्हतं. तळ्यात-मळ्यात सुरू केलंय, पण खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्याच दिवशी वर आले. आता सतरंजीची चौपदरी घडी घालतो आणि ते फिरायला जातात त्या वेळात, छत्री दिसली की सुरू.

एका बाबतीत मात्र हटणार नाही. कापसाची मेंढी नाही म्हणजे नाही. जे शेवटी कसं दिसलं पाहिजे हे मला आधीच माहीत आहे, ते मी तिला करायला देणार नाही. कारण मग मी तिचा हात धरते. चिकटपट्टीचा रस्ता चालला, कारण तो घाट होऊ शकला.

बालवाडीताई

हे मान्य. वर्गातसुद्धा तीस मेंढ्या एकसारख्या दिसल्या की मी ओळखते, बाईंनी केल्यात.

दाणा_नाकात

आणि कणकेत खेळून झाल्यावर? फेकता का? आमच्याकडे सासूबाईंचा त्यावरून वाद होतो, अन्नाची नासाडी म्हणून.

पाथर्डीफाटा_आई

वेगळा छोटा गोळा ठेवते, मैदा-मीठ-पाण्याचा. मीठ बरंच असल्याने टिकतो, डब्यात बंद केला तर आठवडाभर. पण चाटायची सवय असलेल्या पोराला देऊ नका, तेवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. साध्या कणकेच्या पोळ्या ती लाटते त्या भाजतो आणि बाबाला वाढतो. नकाशे असतात. तो खातो बिचारा.

सातपूर_शिफ्टवाला

माझ्या पोराला पण लाटायला बसवतो उद्या. बायको म्हणते, आधी तू शीक.

गोदाकाठची_आजी

ते सगळं राहू द्या. पोरी, एक सांग, त्या गादीच्या रहाडीत तिने पाणी नाही ना ओतलं?

पाथर्डीफाटा_आई

ओतलं आजी. दोन तांबे. हळदसुद्धा घातली, रंग पाहिजे म्हणून. आज पाचवा दिवस, गादी अजून वाळत नाहीये.