स्पर्धेच्या फॉर्मात आधार कशाला?

सेक्रेटरी (ए-१०३): सर्व सभासदांना नमस्कार. पुढच्या महिन्यात शेजारच्या सोसायट्या मिळून मागच्या मैदानावर १४ वर्षांखालील फुटबॉल स्पर्धा घ्यायचं ठरलं आहे. एका संघात पाच खेळाडू, मुलंमुली एकत्र. खालच्या लिंकवरचा फॉर्म रविवारपर्यंत भरावा. सोबत मुलाचं आधार दोन्ही बाजूंनी, पालकांचं आधार, फोटो, मोबाइल नंबर आणि टी-शर्टचा साइज.

वहिनी (ए-२०४): आमची धाकटी खेळणार. बूट सोसायटी देणार काय?

सेक्रेटरी: बूट ज्याचे त्याने. टी-शर्ट आपण देऊ.

तात्या (बी-१०१): लई भारी. फक्त टी-शर्ट अर्जेंटिनाचा नको, ब्राझीलवाली घरं वर्गणी देणार न्हाईत. कोल्हापूर हाय हे.

आप्पा (बी-४०२): स्पर्धा उत्तम. पण आधार कशाला?

सेक्रेटरी: वयाचा पुरावा म्हणून, आप्पा. मागच्या खेपेला मिसरूड फुटलेली पोरं चौदाच्या आतली म्हणून उतरली होती. तुम्हीच आरडाओरडा केला होता.

आप्पा: केला होता आणि परत करीन. पण आधार हा वयाचा पुरावाच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या एका खटल्यात ते स्पष्ट सांगितलं आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. त्याआधी जानेवारीत भविष्य निर्वाह निधीवाल्यांनी जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढलं. म्हणजे ज्या कामासाठी मागताय त्या कामाला ते चालत नाही, आणि ज्या कामाला चालतं ते काम आपलं नाही. वय चोरणाऱ्याला पकडायचं म्हणून भारतीय फुटबॉल महासंघ मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढतो. आपल्याला तेवढं नको. जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाइड टेबलावर बघायचं, यादीत खूण करायची आणि कागद आईबापाच्या हातात परत. झेरॉक्स नाही, फोटो नाही.

खजिनदार (सी-१०२): आप्पा, प्रत्येक गोष्टीत माहिती अधिकार आणू नका हो. पोरांचा खेळ आहे.

तात्या: मी तर म्हणतो शाहू स्टेडियमवर सुद्धा आधार दाखवल्याबिगर कुणाला आत सोडू नये. दोन तालमींची, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांची, मॅच असली की पोलीस गल्लीगल्लीत. दगड मारणाऱ्याचा आधार नंबर हातात असला की बघा कसा गप बसतोय. ज्यानं काय केलं न्हाई त्याला लपवायचं काय?

अज्ञात नंबर: शुभ प्रभात. आजचा सुविचार...

सेक्रेटरी: हा कोणाचा नंबर आहे? कृपया फ्लॅट नंबर टाका.

आप्पा: तात्या, तुमच्या या कल्पनेचा इंग्लंडमध्ये कायदा झाला होता. १९८५ ला लुटनच्या मैदानावर मिलवॉल क्लबच्या चाहत्यांनी खुर्च्या उपटून राडा केला, तेव्हापासून पंतप्रधान थॅचरबाईंच्या डोक्यात होतं की प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र द्यायचं, ते यंत्रात घातल्याशिवाय गेट उघडणार नाही. लुटन क्लबनं तर बाहेरगावच्या प्रेक्षकांना काही वर्षं बंदीच केली. १९८९ चा फुटबॉल प्रेक्षक कायदा त्यासाठीच. पण तो संसदेत असतानाच १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कपची उपांत्य फेरी. बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी बाहेर पडायचं गेट उघडून लोक आत सोडले, पण आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढं लोखंडी जाळी. ९७ माणसं गेली. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अहवालात ओळखपत्राला विरोध केला. गेटवरचं यंत्र अडकलं की बाहेर परत गर्दी तुंबणार, हे त्यांना दिसत होतं. सरकारनं योजना गुंडाळली.

बंड्या (सी-२०१): रशियानं मात्र आणली. २०१८ च्या वर्ल्ड कपला फॅन आयडी होतं, ते २०२२ पासून तिथल्या लीगला सक्तीचं केलं. चाहत्यांच्या गटांनी बहिष्कार टाकला, स्टेडियम ओस पडली. आणि २०२२ च्या वर्ल्ड कपला कतारला जाताना दोन ॲप घ्यावी लागायची. नॉर्वे, जर्मनी, फ्रान्सच्या डेटा संरक्षणवाल्यांनी लोकांना सावध केलं होतं. जमलं तर वेगळा, रिकामा फोन न्या म्हणून सांगत होते.

तात्या: ते परदेशातलं ऱ्हाऊ दे. इथं डोकी फुटतात त्याचं बोला.

आप्पा: इथलंच बोलतोय. हिल्सबरोचं पुढचं ऐका, मग ठरवा. मेलेल्या प्रत्येकाच्या रक्तात दारू किती, ते तपासलं गेलं. त्यात दहा वर्षांचं पोरगंही होतं. ज्यांच्या रक्तात थोडी सापडली त्यांची नावं पोलिसांच्या संगणकात घालून जुने गुन्हे शोधले. मेलेल्या माणसांचे, तात्या. म्हणजे चूक प्रेक्षकांचीच होती असं म्हणता यावं. आणि त्याच वेळी पोलिसांच्या स्वतःच्या जबाबांत खाडाखोड चालू होती. १६४ जबाब बदलले, त्यातल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीची वाक्यं काढली किंवा फिरवली. हे बाहेर यायला २०१२ उजाडलं. स्वतंत्र समितीनं साडेचार लाख पानं उघडली तेव्हा. २०१६ ला ज्यूरीनं सांगितलं की प्रेक्षकांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं आयाबाया कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या.

माझं सगळं म्हणणं यात आलं. प्रेक्षकाची माहिती काढायला सरकारला फार दिवस लागले नाहीत, स्वतःची द्यायला तेवीस वर्षं.

वहिनी: दहा वर्षांच्या पोराचं रक्त? काय माणसं म्हणायची ही.

वॉचमन ग्रुप ॲडमिन: बी विंगला १२ ते २ पाणी येणार नाही. टाकी धुणार आहेत.

तात्या: बरं. पण आप्पा, कॅमेरे तरी पाहिजेत का न्हाई?

बंड्या: डेन्मार्कमध्ये ब्रॉन्डबी क्लब २०१९ पासून गेटवर चेहरा ओळखणारे कॅमेरे वापरतो. पण तिथल्या डेटा संस्थेची परवानगी आधी घेतली, आणि काम एकच, बंदी घातलेल्या लोकांच्या यादीशी चेहरा ताडून बघायचा. फ्रान्समध्ये मेट्झ क्लबला तिथल्या संस्थेनं २०२१ मध्ये तोच प्रयोग बेकायदा ठरेल म्हणून ताकीद दिली.

आप्पा: मग मला काय अडचण? यादी बंदीवाल्यांची करा. ज्यानं दगड मारला त्याची करा, बाकीच्या हजारोंची कशाला? आणि पेठेत दगड कुणी मारला ते शोधायला आधार लागत नाही, तालमीच्या कट्ट्यावर चहा पिला तरी नाव कळतंय.

तात्या: हे मात्र खरं.

खजिनदार: आपल्याकडे आता डेटाचा कायदा आला ना? मग भीती कसली?

वकील मॅडम (सी-३०२): आला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षानंतर लागू होणार. मुलांपुरतं सांगते. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. मुलांबाबतचे नियम मोडले तर दंड २०० कोटींपर्यंत. आपला फॉर्म ऑनलाइन आहे, म्हणजे कायद्याच्या कक्षेत येतो. नुसती कागदावरची झेरॉक्स येत नाही, स्कॅन केली की येते.

खजिनदार: २०० कोटी?? आपल्या खात्यात गणपतीचे शिल्लक साडेअकरा हजार आहेत.

वकील मॅडम: ती कमाल मर्यादा आहे हो. घाबरू नका, पण मोकाटही सुटू नका.

आप्पा: मॅडम, कायद्याची दुसरी बाजूही सांगा की. सरकारला हवी ती यंत्रणा सुरक्षेच्या, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली त्यातून वगळता येते. आणि कलम ४४(३) नं माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(जे) हे कलम बदलून टाकलं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे बघावं लागायचं, आणि जनहित मोठं असेल तर द्यावी लागायची. संसदेला-विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती तुम्हाला-मलाही नाकारता येणार नाही, हे वाक्य होतं. आता उरलं एवढंच, वैयक्तिक माहिती आहे, देणार नाही. विषय संपला.

मी एका सरकारी कार्यालयात एका मैदानाच्या कामाचं हजेरीपत्रक मागितलं होतं. माती किती टाकली, रोलर किती दिवस फिरला, मजूर कोण. उत्तर आलं एका ओळीचं. मजुरांची नावं ही वैयक्तिक माहिती, सबब देता येत नाही. अहो, राजस्थानातल्या गावांत नव्वदच्या दशकात हजेरीपत्रक चव्हाट्यावर वाचून दाखवायचे आणि मेलेला माणूस खडी फोडताना सापडायचा. माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली ती त्याच कागदावर. आपल्या महाराष्ट्राचा कायदा तर २००२ चा, केंद्राच्या तीन वर्षं आधीचा. आणि आता मैदानावर माती टाकणाऱ्याचं नाव म्हणे गुपित. गेल्या पावसाळ्यात त्या मैदानाच्या डी-मध्ये माझ्या टाचेएवढा खड्डा होता. मी गोलकीपर होतो, मला त्याची किंमत माहीत आहे.

वकील मॅडम: एक दुरुस्ती. माहिती अधिकाराचं ८(२) अजून शाबूत आहे. जनहित जास्त असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. अपिलात तेच धरा.

आप्पा: धरलंय. पण पूर्वी नाकारणाऱ्याला कारण शोधावं लागायचं, आता मागणाऱ्याला भीक मागावी लागते.

तात्या: तरीपण आप्पा, सरकारकडं आपलं सगळं हायच की. बँक, रेशन, लस, फोन. आता फॉर्म झाकून काय उपयोग?

आप्पा: सगळं आहे म्हणूनच. पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं, नंदुरबारच्या टेंभलीला, सप्टेंबर २०१० मध्ये. कायदा आला २०१६ ला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं ऑगस्ट २०१७ मध्ये. म्हणजे माहिती गोळा आधी, कायदा नंतर, हक्क सगळ्यात शेवटी. आणि मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्याच एका कार्यालयानं काढलेलं पत्रक आठवतंय? आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क केलेलं, म्हणजे नंबराचे पहिले आकडे झाकलेलं, आधार द्या. दोन दिवसांत मागं घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून.

बंड्या: २०२५ मध्ये सरकारच्या संचार साथी ॲपचंही तसंच. प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीनं टाकणार म्हणाले, बोंब झाली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आदेश मागे. ओरडलं की ऐकतात कधी कधी.

बाय द वे, सेक्रेटरी काका, फॉर्ममधली कागदपत्रं ज्या फोल्डरमध्ये जातात त्याची लिंक तुम्ही सकाळी कमिटीऐवजी इथं मोठ्या ग्रुपवर टाकलीय. आणि ती लिंक असेल त्या कुणालाही उघडते. मी आत्ता लॉगिन न करता उघडली. सात आधार आहेत. तात्यांचा नातू फोटोत दात काढून हसतोय.

तात्या: आं? काढ की मग ते!! कुणी कुणी बघितलं?

बंड्या: ग्रुपवर १४३ जण आहेत तात्या. आणि तो सुविचारवाला.

तात्या: सेक्रेटरी, पहिलं माझ्या नातवाचं काढा. मग बाकीचं.

सेक्रेटरी: काढतोय. थांबा, डिलीट केल्यावर ट्रॅशमध्ये दिसतंय.

बंड्या: ट्रॅश पण रिकामा करा. आणि ज्यांनी उघडून डाउनलोड केलं असेल त्यांनी फोनमधनं पण काढा, प्लीज.

वहिनी: मी भरणारच होते, भाजी करपली म्हणून राहिलं. टेबलावर दाखले बघायला मी बसते. कागद बघून परत, असंच ना आप्पा?

आप्पा: तसंच. आणि टेबल सावलीत ठेवा. मुलांकडून नाव, जन्मवर्ष, टी-शर्टचा साइज, आणि इजा झाली तर कुणाला फोन करायचा तो एक नंबर. बास. अनिकेत जाधव याच मातीतला, २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. त्याला कुणी आधार बघून निवडलं नव्हतं, पाय बघून निवडलं. डिसेंबर २०२५ ला कोलकात्याला मेस्सी आला तेव्हा बघितलं ना, हजारो रुपये मोजलेल्याला तो दिसेना, कारण भोवती बड्या लोकांचा घोळका. आपल्याकडं पालक मैदानाच्या रेषेबाहेर आणि कमिटीही बाहेर. आत फक्त पोरं, रेफ्री आणि बॉल.

सेक्रेटरी: नवीन फॉर्म टाकला आहे. चारच रकाने. जुना फॉर्म बंद. ज्यांनी आधार टाकलं होतं त्यांची क्षमा मागतो.

तात्या: आता स्टेडियमचं मी सोडलेलं न्हाई हां आप्पा. कॅमेरे पाहिजेतच. पण यादी बंदीवाल्यांची, हे कबूल.

आप्पा: चालतंय. आता खजिनदार साहेब, पोरांचं झाकलं, आपलं उघडा. प्रायोजकाचे किती आले, टी-शर्टला किती गेले, मैदानावर माती कुणी टाकली. बोर्डावर लागू दे.

खजिनदार: आप्पा, ती वैयक्तिक माहिती आहे. ४४(३).

वकील मॅडम: 😂

आप्पा: पहिलं अपील सेक्रेटरींकडं, दुसरं सर्वसाधारण सभेत. कागद तयार आहे.

खजिनदार: लावतो उद्या. टी-शर्टवाल्याचा मोबाइल नंबर तेवढा खोडून.