दुय्यम अधिकारी भडक बोलला, तर ती सरकारची भूमिका धरायची का?

भांडुपकर
एखादा उपजिल्हाधिकारी, वॉर्डाचा सहायक आयुक्त किंवा एखाद्या देशाचा उपमंत्री एखाद्या समाजाबद्दल किंवा शेजारी देशाबद्दल तोंडाला येईल ते बोलतो. क्लिप तासाभरात लोकलच्या डब्यात प्रत्येकाच्या फोनवर असते. संध्याकाळपर्यंत एक बाजू म्हणते सरकारच बोललं, दुसरी म्हणते ते त्यांचं वैयक्तिक मत. आम्ही विभागापुरतं छोटं बातमीपत्र काढतो. मथळ्यात ‘सरकार म्हणते’ लिहायचं की नुसतं त्या माणसाचं पद? काही पक्की कसोटी आहे का? 2024 मध्ये मालदीवच्या उपमंत्र्यांच्या पोस्टच्या वेळीही हाच घोळ झाला होता.

टिपणीकार
आधी तो माणूस कोणाचा नोकर आहे ते बघा. निम्म्या चुका इथेच होतात. वॉर्ड ऑफिसचा सहायक आयुक्त हा महापालिकेचा अधिकारी. मुंबई महापालिका 1888 च्या स्वतंत्र कायद्याने चालते, त्यामुळे त्याचं बोलणं राज्य शासनाच्या तोंडी घालता येत नाही. पालिका आयुक्त भारतीय प्रशासन सेवेतले असतात, त्यांना 1968 चे अखिल भारतीय सेवा वर्तणूक नियम लागू होतात. तरी त्या खुर्चीवरून ते बोलतात ते पालिकेच्या वतीने. पोलीस आणि जिल्हाधिकारी मात्र राज्य शासनाचे.

दुसरी गोष्ट, शासन कागदावर बोलतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. कोणताही शासन निर्णय उघडा आणि शेवटचं पान बघा. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते, खाली डिजिटल स्वाक्षरी असते, आणि त्याच्या जरा वर संकेतांक दिलेला असतो. त्या संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सॲपवर ‘जीआर’ म्हणून फिरणारा कागद हातात आला की हे आठ आकडे वरच्या तारखेशी ताडून पाहा आणि संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाका. तिथे सापडला नाही तर छापू नका.

फाइलवरची टिपणीसुद्धा आदेश नसते. बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मंत्र्याने फाइलवर शेरा मारला तरी तो राज्यपालांच्या नावाने निघून संबंधिताला कळवला जाईपर्यंत आदेश होत नाही. मंत्र्याच्या लेखी शेऱ्याची ही गत, तर माईकसमोर बोललेल्या दुय्यम अधिकाऱ्याच्या वाक्याला शासनाची भूमिका कसं म्हणणार?

कोर्टनाका
टिपणीकारांचं बरोबर आहे, पण यावर घटनापीठाचा थेट निकाल आहे, तो सांगायलाच हवा. कौशल किशोर विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, 3 जानेवारी 2023. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी म्हटलं, की मंत्र्याचं वक्तव्य राज्यकारभाराशी संबंधित असलं तरी सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वावरून ते सरकारच्या माथी मारता येत नाही. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं. त्यांच्या मते मंत्री अधिकृत नात्याने बोलला असेल आणि ते सरकारच्या भूमिकेशी जुळत असेल, तर जबाबदारी सरकारवर येऊ शकते. सुटं, न जुळणारं विधान असेल तर ते त्याचं स्वतःचं.

बहुमताचा निकाल वाचताना एक भाग हमखास सुटतो. नुसत्या वक्तव्याने सरकार दोषी ठरत नाही, पण त्या वक्तव्यापायी अधिकाऱ्यांनी काही केलं, किंवा करायचं ते केलं नाही, आणि त्यातून नागरिकाचं नुकसान झालं, तर दाद मागता येते. म्हणून बातमीत दोन प्रश्न वेगळे ठेवा: तो काय बोलला, आणि त्यानंतर खात्याने काय केलं.

आता ‘वैयक्तिक मत’ या शब्दांबद्दल. द्वेष पसरवणाऱ्या भाषणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 196 लागतं. त्याची दखल कोर्टाने घेण्याआधी शासनाची मंजुरी लागते, मग बोलणारा कोणीही असो. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 218 ची मंजुरी निराळी. ती फक्त अशा लोकसेवकासाठी, ज्याला शासनाच्या मंजुरीशिवाय पदावरून काढता येत नाही, आणि तीही कृत्य कर्तव्य बजावताना घडलं असं म्हणणं असेल तरच. म्हणजे एखादा अधिकारी पत्रकारांना ‘ते माझं वैयक्तिक मत होतं’ सांगतो आणि कोर्टात 218 चं संरक्षण मागतो, तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आणि 218 च्या मंजुरीसाठी आलेल्या अर्जावर शासन काय करतं यात शासनाची भूमिका खरोखर दिसते. मुदत 120 दिवसांची. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. ही तारीख डायरीत लिहून ठेवा.

रेवदंडा_ते_रीगल
मालदीवचा क्रम नीट लावून बघा, त्यातून बरंच कळतं. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला पंतप्रधान मोदी लक्षद्वीपला गेले. त्यानंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर अपमानास्पद मजकूर टाकला. 7 जानेवारीला तिथल्या सरकारने लेखी निवेदन काढलं, की ही मतं वैयक्तिक आहेत, सरकारची नाहीत. त्याच दिवशी तिघांना निलंबित केलं. दुसऱ्या दिवशी दिल्लीने मालदीवच्या राजदूतांना बोलावून घेतलं. लेखी नकार, नकार देणारा बोलणाऱ्यापेक्षा वरचा आणि सोबत कारवाई, हे तिन्ही असेल तर वक्तव्य सरकारचं नव्हतं असं लिहायला हरकत नाही.

पण म्हणून मालदीव सरकारची भारताबद्दल काही वेगळी भूमिका नव्हती असं नाही. ती होती, फक्त त्या पोस्टमध्ये नव्हती. त्याच महिन्यात त्यांनी भारतीय सैनिक 15 मार्चपर्यंत परत न्यावेत अशी औपचारिक मागणी केली. 10 मेपर्यंत सैनिक परतले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. भूमिका शोधायची ती अशा ठिकाणी. शिवीगाळीच्या बातमीत ही मागणी मिसळली की वाचकाला दोन्ही कळत नाहीत.

पक्षाचा प्रवक्ता म्हणजेही सरकार नव्हे. जून 2022 मध्ये भाजप प्रवक्त्यांच्या वक्तव्यावरून कतारने भारतीय राजदूतांना बोलावलं, तेव्हा दूतावासाने हीच रेघ ओढली होती.

आंतरराष्ट्रीय कायद्यात शब्दाने देशाला बांधू शकतात ते मुख्यतः राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री. नॉर्वेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी 1919 मध्ये ग्रीनलँडबद्दल तोंडी दिलेला शब्द 1933 मध्ये तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नॉर्वेवर बंधनकारक मानला. उपमंत्र्याच्या पोस्टला ते वजन नाही.

भांडुपकर
फार उपयोगी. पण सरकार गप्पच राहिलं तर? आणि कारवाई झाली की नाही हे माहिती अधिकारात मिळतं का?

टिपणीकार
नुसत्या मौनाला संमती म्हणू नका. मौनानंतर काय होतं ते बघा: तेच वाक्य वरच्या पदावरचा कोणी पुन्हा बोलला का, त्या आशयाचं परिपत्रक निघालं का, मंत्र्याने सभागृहात तेच सांगितलं का, कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रात ते आलं का. सभागृह आणि प्रतिज्ञापत्र ही दोन ठिकाणं सर्वात भक्कम, कारण तिथून मागे फिरणं सोपं नसतं. वरच्या पदांवरून आलेली वक्तव्यं न्यायालयंही बाजूला टाकत नाहीत: गाझाबाबतच्या खटल्यातल्या 26 जानेवारी 2024 च्या आदेशात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्री यांची वाक्यं उतरवून घेतली आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण ‘का’ ही माहिती नव्हे. कारणे दाखवा नोटिशीची प्रत मागितलीत तरी बहुधा नकार येईल; गिरीश देशपांडे प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश वैयक्तिक माहिती ठरवले. त्यापेक्षा असं मागा: ‘अमुक तारखेच्या अमुक वक्तव्याबाबत विभागाने काढलेल्या खुलाशाची, प्रसिद्धिपत्रकाची किंवा परिपत्रकाची प्रत, नसल्यास तसे नमूद करावे.’ ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तरी छापण्यासारखं आहे: इतक्या दिवसांत शासनाने लेखी हात झटकलेले नाहीत.

मथळ्यात पद, खातं आणि ‘यांचे वक्तव्य’. पहिल्या परिच्छेदात कुठे बोलले ते द्या, पत्रकार परिषद, खाजगी कार्यक्रम की समाजमाध्यमावरचं स्वतःचं खातं. लगेच पुढच्या ओळीत ‘शासनाचा खुलासा अमुक वाजेपर्यंत आलेला नाही’, वेळेसकट. खुलासा आला की तो त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.